अध्यापनाचा अधिकार आणि विश्वस्तांचे उत्तरदायित्व

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचे लेखरूप)



सुवर्णमहोत्सव हा कृतज्ञतेचा सोहळा असतो. ज्यांनी पहिली देणगी दिली, ज्यांनी पहिली वीट रचली, ज्यांनी प्रतिकूल काळात संस्थेचा दिवा विझू दिला नाही, त्यांचे स्मरण होते, सत्कार होतात, स्मरणिका निघते. हे सारे यथोचितच आहे. परंतु व्यापारी समाजाला आणखी एक गोष्ट चांगली ठाऊक असते. दिवाळीला नव्या वहीचे पूजन करण्यापूर्वी जुन्या वहीचा मेळ घालावा लागतो. विद्यादानाचे व्रत घेतलेल्या संस्थांनाही हा नियम लागू आहे. इमारती किती झाल्या, विद्यार्थी किती वाढले, निकाल किती टक्के लागला, हे हिशेब दरवर्षी अहवालात छापले जातात. एक हिशेब मात्र क्वचितच मांडला जातो, आणि तोच आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. शाळेच्या वर्गात एखादा विषय शिकविण्यासाठी जी व्यक्ती उभी असते, ती तो विषय त्या इयत्तेला शिकविण्यास पात्र आहे काय?

प्रश्न वरकरणी रुक्ष वाटेल. तो शिक्षणाधिकाऱ्यांनी पाहावा, मुख्याध्यापकांनी सांभाळावा, विश्वस्तांचा त्याच्याशी काय संबंध, असेही कोणी म्हणेल. परंतु समाजाच्या शाळेत येणाऱ्या मुलाचे आयुष्य ज्या एका गोष्टीवर सर्वाधिक अवलंबून असते ती हीच होय, आणि तिचे उत्तरदायित्व अखेर विश्वस्तांकडेच येते.

परंपरेची साक्ष

शिकविणाऱ्याची पात्रता आधी पाहावी, हा विचार सरकारी कायद्याने आणला असा समज असेल, तर तो जैन समाजाने तरी बाळगू नये. नमस्कार महामंत्रात पाच परमेष्ठींना वंदन आहे आणि त्यातील चौथे वंदन उपाध्यायांना आहे. उपाध्याय म्हणजे स्वतः अध्ययन करणारे आणि इतरांना अध्ययन करविणारे. साधू सर्वच वंदनीय. परंतु प्रत्येक साधू उपाध्याय नसतो. अकरा अंगे आणि चौदा पूर्वे मिळून उपाध्यायांचे पंचवीस गुण परंपरेने सांगितले आहेत. म्हणजे उपाध्यायपदाचे गुण मोजताना तपापेक्षा, वक्तृत्वापेक्षा श्रुतज्ञानावर बोट ठेवले आहे. काय येते, हे आधी पाहिले. पद नंतर दिले.

श्वेतांबर परंपरेतील व्यवहारसूत्र या छेदसूत्रात हा विचार अधिक काटेकोरपणे मांडलेला दिसतो. उपाध्यायपद देण्यासाठी किमान तीन वर्षांचा दीक्षापर्याय आणि आचारप्रकल्पाचे ज्ञान अपेक्षिले आहे. कोणते सूत्र कोणाला केव्हा शिकवावे, याचाही क्रम तेथे दिला आहे. चार वर्षांच्या दीक्षापर्यायानंतर सूत्रकृतांग, आठ वर्षांनंतर स्थानांग व समवायांग, दहा वर्षांनंतर व्याख्याप्रज्ञप्ती. अध्ययनाची तयारी आणि अध्यापनाचा अधिकार यांची सांगड इतक्या प्राचीन काळी घातली गेली होती. ‘ज्याला वेळ आहे त्याने शिकवावे’ हा नियम तेथे नाही.

अलीकडच्या काळातही समाजाने हे भान सोडले नव्हते. आचार्य आनंदऋषीजी यांच्या प्रेरणेने १९३६ मध्ये पाथर्डी येथे तिलोक रत्न स्थानकवासी जैन धार्मिक परीक्षा बोर्ड स्थापन झाले. धार्मिक ज्ञानाचीसुद्धा श्रेणीबद्ध परीक्षा व्हावी, नुसत्या श्रद्धेवर विसंबू नये, ही त्यामागील दृष्टी होती. जो समाज धर्मशिक्षणासाठी परीक्षा मान्य करतो, त्याने गणित आणि विज्ञान शिकविणाऱ्याच्या प्रमाणपत्राकडे उपेक्षेने पाहणे विसंगत ठरेल.

महाराष्ट्राचा वारसा

महाराष्ट्राच्या शैक्षणिक इतिहासानेही हेच सांगितले आहे. सावित्रीबाई फुले यांनी शाळेत शिकविण्यापूर्वी आणि त्या कार्याबरोबर अध्यापनाचे शिक्षण घेतले होते, ही बाब त्यांच्या चरित्रात वारंवार येते. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जे निवेदन सादर केले, त्यात प्राथमिक शाळांना प्रशिक्षित शिक्षक मिळावेत आणि त्यांना वेतनही चांगले मिळावे, असा आग्रह धरला होता. प्रशिक्षण आणि वेतन या दोन गोष्टी त्यांनी एकत्र मांडल्या, हे विशेष लक्षात ठेवावे. पुढे त्याचा उल्लेख पुन्हा येणार आहे.

कर्मवीर भाऊराव पाटील यांचे नाव तर या समाजाने अभिमानाने घ्यावे. कुंभोजच्या जैन घराण्यात १८८७ साली जन्मलेल्या भाऊरावांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. बहुजन समाजाच्या मुलांसाठी वसतिगृहे काढली. परंतु खेडोपाडी शाळा काढावयाच्या तर शिकविणारी माणसे आधी घडली पाहिजेत, हे त्यांनी ओळखले आणि १९३५ मध्ये साताऱ्यास शिक्षकांसाठी ट्रेनिंग कॉलेज सुरू केले. त्यानंतर ग्रामीण भागात व्हॉलंटरी शाळांचे जाळे पसरले. स्वातंत्र्यानंतर १९५५ मध्ये पदवीधर शिक्षकांसाठी साताऱ्यातच आझाद कॉलेज ऑफ एज्युकेशन निघाले. हाताशी पैसा नव्हता, सरकारी अनुदानाची शाश्वती नव्हती, तरीही ‘मिळेल तो मास्तर चालेल’ असे कर्मवीरांनी म्हटले नाही. गरिबाच्या मुलाला तर उत्तमच शिक्षक हवा, कारण त्याच्या घरी चूक सुधारणारे कोणी नसते.

आजचे नियम

त्या काळी व्हर्नाक्युलर फायनल झालेला मास्तर आणि ट्रेनिंग घेऊन आलेला ‘ट्रेंड’ मास्तर असा भेद गावातील अडाणी माणूसही जाणत असे. आजचे नियम पुष्कळ विस्तारले आहेत. त्यांचा सारांश विश्वस्तांना ठाऊक असणे आवश्यक आहे.

महाराष्ट्रातील खाजगी शाळांसाठी १९७७ चा कर्मचारी सेवाशर्ती अधिनियम आणि १९८१ ची नियमावली हा पाया आहे. कायम स्वरूपाची रिक्त जागा अर्हताप्राप्त व्यक्तीनेच भरावी, हे त्या अधिनियमाने व्यवस्थापनाचे कर्तव्य ठरविले, आणि कोणत्या पदाला कोणती अर्हता लागते हे नियमावलीच्या अनुसूचीत दिले. १९९३ च्या कायद्याने राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेला वैधानिक स्थान मिळाले. १ एप्रिल २०१० पासून बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम अमलात आला आणि त्यानुसार या परिषदेने २३ ऑगस्ट २०१० रोजी पहिली ते आठवीच्या शिक्षकांची किमान अर्हता जाहीर केली.

तिचे स्वरूप थोडक्यात असे. पहिली ते पाचवीसाठी बारावी उत्तीर्ण आणि दोन वर्षांची पदविका, जिला पूर्वी डी.एड. म्हणत व आता डी.एल.एड. म्हणतात. सहावी ते आठवीसाठी पदवी आणि तिच्या जोडीला अशी पदविका किंवा बी.एड. या दोन्ही स्तरांवर शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजे टीईटी, उत्तीर्ण होणे आवश्यक. महाराष्ट्रात ही परीक्षा पहिल्यांदा डिसेंबर २०१३ मध्ये झाली. नववी-दहावीसाठी पदवी व बी.एड. आणि अकरावी-बारावीसाठी संबंधित विषयातील पदव्युत्तर पदवी व बी.एड., असे परिषदेच्या २०१४ च्या विनियमांनी ठरविले. बी.एड. हा अभ्यासक्रमही २०१५ पासून एक वर्षाऐवजी दोन वर्षांचा झाला.

टीईटीच्या रचनेतच विषयवाटपाचे तत्त्व आहे. प्रत्येक पेपर १५० गुणांचा असून उत्तीर्ण होण्यास साठ टक्के गुण लागतात. राखीव प्रवर्गांना सवलत आहे. पहिला पेपर पहिली ते पाचवीसाठी. त्यात बालमानसशास्त्र, दोन भाषा, गणित आणि परिसर अभ्यास यांना प्रत्येकी ३० गुण, कारण लहान वर्गांना एकच शिक्षक बहुतेक सर्व विषय शिकवितो. दुसरा पेपर सहावी ते आठवीसाठी. त्यात साठ गुणांचा एक भाग उमेदवाराने निवडावयाचा असतो : एकतर गणित-विज्ञान, नाहीतर सामाजिक शास्त्रे. म्हणजे सामाजिक शास्त्रे निवडून उत्तीर्ण झालेल्या शिक्षकाची गणित-विज्ञानाची परीक्षा झालेलीच नसते. शिक्षणहक्क कायद्याच्या अनुसूचीतही सहावी ते आठवीसाठी विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रे आणि भाषा यांसाठी किमान एकेक शिक्षक असावा आणि पस्तीस मुलांमागे निदान एक शिक्षक असावा, असे म्हटले आहे. शंभरांपेक्षा अधिक मुले असलेल्या शाळेत कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशक अपेक्षिले आहेत.

प्रमाणपत्र केवळ ‘उच्च’ असून भागत नाही, ते त्या स्तराचे असावे लागते, हे एका न्यायनिर्णयाने स्पष्ट झाले. २०१८ मध्ये बी.एड. झालेल्यांना पहिली ते पाचवीसाठी पात्र ठरविणारी अधिसूचना निघाली होती. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२३ रोजी ती अग्राह्य ठरविली. त्या तारखेपूर्वी झालेल्या नेमणुका नंतर काही अटींवर राखण्यात आल्या, परंतु तत्त्व कायम राहिले. बी.एड.चे शिक्षण मोठ्या मुलांना विषय शिकविण्याचे आहे; सहा वर्षांच्या बालकाला पहिले अक्षर, पहिली बेरीज शिकविणे हे वेगळे शास्त्र आहे. मोठ्या पदवीचा माणूस लहान वर्गाला आपोआप चांगला शिकवील, हा समज न्यायालयाने मानला नाही. घराघरांतूनही तो आता जावयास हवा.

नेमणूक आणि वेळापत्रक

नियमांचे हे वर्णन झाले. आता खऱ्या दुखण्याकडे वळावे. बहुतेक संस्थांच्या दप्तरी नेमणुका व्यवस्थित असतात. पदवी आहे, बी.एड. आहे, वैयक्तिक मान्यतेचा आदेश आहे. गडबड होते ती जून महिन्यात, शाळेचे वेळापत्रक तयार होते तेव्हा.

संचमान्यता विद्यार्थिसंख्येवर ठरते. विद्यार्थी घटले की पदे घटतात. मराठीच्या शिक्षकाच्या आठवड्याच्या तासिका भरत नाहीत, गणिताचा शिक्षक निवृत्त झालेला असतो आणि त्याची जागा भरलेली नसते. मग ‘सहावीचे गणित काय, कोणीही शिकवील’ असे म्हणून त्या तासिका मराठीच्या शिक्षकाला दिल्या जातात. ज्येष्ठ शिक्षक दहावीचा वर्ग मागून घेतात, कारण निकालाचे श्रेय तेथे मिळते. पाचवी-सहावी नवख्याच्या वाट्याला येते. चित्रकलेची तासिका ज्याचा तास रिकामा त्याला, आणि शारीरिक शिक्षणाची तासिका म्हणजे उरलेला अभ्यासक्रम पूर्ण करण्याची सोय. कागदावर प्रत्येक शिक्षक पात्र असतो. वर्गात मात्र अपात्र अध्यापन चालू असते. यात कोणाचा दुष्ट हेतू नसतो, म्हणूनच ते वर्षानुवर्षे चालते.

त्याचा परिणाम कसा होतो, हे एका साध्या उदाहरणावरून ध्यानात येईल. अपूर्णांकाने भागताना दुसरा अपूर्णांक उलटा करून गुणावे, हे गणिताची तयारी नसलेला शिक्षकही सांगू शकतो. पण एखाद्या चुणचुणीत मुलीने ‘उलटा का करायचा?’ असे विचारले, तर त्याच्यापाशी उत्तर नसते. ज्याचे शिक्षण त्या विषयात झाले आहे, तो विचारील : तीन भाकऱ्यांतून अर्ध्या-अर्ध्या भाकरीचे वाटे किती निघतील? सहा. म्हणजे अर्ध्याने भागणे आणि दोनाने गुणणे एकच झाले. मुलीच्या डोळ्यांत प्रकाश पडतो. पहिल्या वर्गात मात्र तिला गप्प बसविले जाते आणि ‘गणित पाठ करावयाचे असते’ ही समजूत घेऊन ती नववीत पोचते. तेथे बीजगणित समजत नाही. सुखवस्तू घरची मुलगी खाजगी शिकवणी लावते. जिच्या वडिलांचे उत्पन्न तुटपुंजे आहे, तिचे गणित सुटते आणि गणिताबरोबर पुढील अनेक वाटा बंद होतात. समाजाच्या शाळेत शिष्यवृत्तीवर आलेल्या मुलीच्या बाबतीत हे घडले, तर एका हाताने दिलेले दान दुसऱ्या हाताने काढून घेतल्यासारखे होते.

अल्पसंख्याक दर्जा : हक्क कशाचा?

या ठिकाणी एक नाजूक प्रश्न येतो. २७ जानेवारी २०१४ रोजी केंद्र सरकारने जैन समाजाला राष्ट्रीय स्तरावर अल्पसंख्याक म्हणून अधिसूचित केले. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३० नुसार अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापण्याचा व चालविण्याचा हक्क आहे. महाराष्ट्राच्या १९७७ च्या अधिनियमातही अल्पसंख्याक शाळेच्या मुख्याध्यापकाची आणि व्यवस्थापनाने कळविलेल्या आणखी जास्तीत जास्त तीन व्यक्तींची निवड त्या अधिनियमाच्या बंधनाबाहेर ठेवली आहे. पुढे ६ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शिक्षणहक्क अधिनियम अल्पसंख्याक शाळांना लागू होत नाही, असा निर्णय दिला. त्यानंतर ‘आता टीईटी नको, अर्हता नको, आपली शाळा, आपली माणसे’ असा सूर काही ठिकाणी ऐकू येऊ लागला.

हा सूर बरोबर नाही. २००२ च्या टी. एम. ए. पै खटल्यात अकरा न्यायमूर्तींच्या घटनापीठाने अल्पसंख्याकांचा हक्क मान्य करतानाच शिक्षकांची किमान अर्हता ठरविण्याचा शासनाचा अधिकारही मान्य केला आहे. म्हणजे पात्र व्यक्तींमधून आपल्या पसंतीची व्यक्ती निवडण्याचे स्वातंत्र्य संस्थेला आहे. अपात्र व्यक्ती मुलांपुढे उभी करण्याचे स्वातंत्र्य हा त्याचा अर्थ नव्हे. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातून गेलेल्या एका प्रकरणातच टीईटीबाबत महत्त्वाचा निर्णय दिला. निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ असलेल्या सेवेतील शिक्षकांनीही दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हावे. पाच वर्षांहून कमी सेवा उरलेल्यांना सेवेत राहता येईल, परंतु टीईटीवाचून पदोन्नती मिळणार नाही, असे त्यात म्हटले. अल्पसंख्याक शाळांचा प्रश्न मात्र त्या पीठाने स्वतः निकालात काढला नाही. २०१४ च्या निर्णयाविषयी शंका व्यक्त करून तो मोठ्या पीठाकडे जावा म्हणून सरन्यायाधीशांपुढे ठेवण्यास सांगितले.

न्यायालय जे ठरवील ते सर्वांना शिरोधार्य असेलच. परंतु जैन समाजाने त्या निर्णयाची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. अल्पसंख्याक दर्जा हे संस्कृती जपण्याचे साधन आहे. नियमांतून मिळणारी पळवाट म्हणून त्याचा उपयोग झाला तर समाजाची प्रतिष्ठा उणावते. कायदा विचारील तेवढेच करणारा व्यापारी प्रामाणिक म्हणवतो. कायदा विचारणार नाही तेथेही माप पुरे देणारा व्यापारी श्रावक म्हणवतो. कमी माप आणि खोटे तोल हे अचौर्य अणुव्रताचे अतिचार सांगितले आहेत. शाळेची फी पूर्ण घेऊन गणिताचा तास गणित न जाणणाऱ्याच्या हाती देणे, याला कोणते माप म्हणावे?

शिक्का आणि पोत

अनेकांत मानणाऱ्याने दुसरी बाजूही पाहावी. प्रमाणपत्र म्हणजे सर्वस्व नव्हे. कापडाच्या ठाणावर गिरणीचा शिक्का असतो. सूत कोणते, पन्हा किती, लांबी किती, हे तो सांगतो. पण धुतल्यावर रंग टिकेल का, हे शिक्क्यावरून कळत नाही. त्यासाठी पोत पाहावा लागतो, हात फिरवावा लागतो. म्हणून कोणी बिनशिक्क्याचा माल डोळे मिटून घेत नाही, आणि केवळ शिक्का पाहूनही घेत नाही. शिक्षकाच्या निवडीतही असेच असावे. अर्हता हा उंबरठा आहे. तो ओलांडल्याशिवाय आत येता येत नाही. परंतु उंबरठ्यावर येणे म्हणजे घर गाठणे नव्हे. मुलांविषयी जिव्हाळा, वाणीतील संयम, निर्व्यसनी आचरण, वाचनाची सवय, या गोष्टी कोणत्याही परीक्षेच्या गुणपत्रकात येत नाहीत. सम्यक् ज्ञानाबरोबर सम्यक् चारित्र्य का सांगितले, हे शाळेच्या वर्गात जितके पटते तितके क्वचित अन्यत्र पटत असेल.

खोट्या शिक्क्यांपासूनही सावध राहणे प्राप्त आहे. महाराष्ट्रात जानेवारी २०२० मध्ये झालेल्या टीईटीतील गैरव्यवहार पुढे उघडकीस आला आणि २०२२ मध्ये सात हजारांहून अधिक उमेदवारांवर कारवाई झाली. पैसे देऊन मिळविलेल्या प्रमाणपत्राने जो मुलांपुढे उभा राहतो, तो त्यांना पहिला धडा कोणता देईल? म्हणून मूळ कागदपत्रांची पडताळणी हे केवळ कारकुनी काम समजू नये.

सेवेतील शिक्षकांविषयी

या विषयात एक मानवी बाजू आहे, आणि ती दुर्लक्षिली तर सारे बोलणे कठोर ठरेल. अनेक संस्थांत असे शिक्षक व शिक्षिका आहेत, ज्यांनी वीस-पंचवीस वर्षे अल्प वेतनावर सेवा केली. संस्थेला कोणी मिळत नव्हते तेव्हा त्या आल्या. त्यांच्या हातून शेकडो मुले शिकून मोठी झाली. आज वयाच्या पन्नाशीत त्यांच्यापुढे परीक्षेचा प्रश्न उभा राहिला आहे. ज्या संस्थेने स्वतः त्यांना बोलावले, नियमांची पूर्तता वेळीच करून घेतली नाही, त्या संस्थेने आता ‘तुमचे तुम्ही पाहा’ असे म्हणणे ही अहिंसा नव्हे. मनाला झालेली इजाही हिंसाच असते.

मग मुलांचे हित आणि शिक्षकांचे हित यांत विरोध आहे काय? तसा विरोध मानण्याचे कारण नाही. परीक्षेचे शुल्क संस्थेने भरावे. अभ्यासासाठी रजा द्यावी. शाळेतील तरुण शिक्षकांनी ज्येष्ठांना नव्या अभ्यासक्रमाची ओळख करून द्यावी. ज्यांना एखाद्या विषयाची अर्हता नाही पण दुसऱ्या विषयाची आहे, त्यांना तो दुसरा विषय द्यावा. ज्यांचे अध्यापन उत्तम असूनही अर्हता अपुरी राहील, त्यांच्यासाठी ग्रंथालय, वसतिगृह, पाठशाळा अशा कामांत सन्मानाची जागा शोधावी. पात्रतेचा आग्रह आणि करुणा एकत्र नांदू शकतात. थोडा खर्च आणि थोडी कल्पकता मात्र लागते.

विश्वस्तांनी काय करावे?

पहिली गोष्ट, दरवर्षी शाळा सुरू होण्यापूर्वी विश्वस्त मंडळाच्या सभेपुढे वेळापत्रक ठेवावे. त्यासोबत एकच तक्ता असावा : शिक्षक, त्याची पदवी, अध्यापन पदविका वा पदवी, तिच्यातील अध्यापन विषय, टीईटीचा पेपर व भाग, आणि या वर्षी दिलेल्या इयत्ता व विषय. जेथे शेवटचा रकाना आधीच्या रकान्यांशी जुळत नाही, तेथे लाल खूण करावी. ताळेबंद वाचणाऱ्या विश्वस्तांना हा तक्ता वाचण्यास अर्धा तासही लागणार नाही.

दुसरी गोष्ट, शिफारशीवर नेमणूक नको. ‘आपल्या नात्यातील मुलगी आहे, घरी बसलेली आहे, शाळेत घ्या’ ही विनंती प्रेमाने येते, म्हणून ती नाकारणे अवघड जाते. अशा मुलीला समाजाने जरूर साह्य करावे, तिची डी.एल.एड.ची वा बी.एड.ची फी भरावी आणि पात्र झाल्यावर तिला इतरांबरोबर मुलाखतीस बोलवावे. त्यात तिचाही सन्मान आहे.

तिसरी गोष्ट, पद रिकामे राहिले तर त्या विषयाचा पात्र शिक्षक घड्याळी तासिका तत्त्वावर घ्यावा किंवा जवळच्या दोन संस्थांनी मिळून एक शिक्षक ठेवावा. कोणाचेही तास भरण्यासाठी मुलांचा विषय खर्ची घालू नये.

चौथी गोष्ट वेतनाची. महात्मा फुल्यांनी प्रशिक्षण आणि वेतन एकत्र मांडले होते, ते येथे आठवावे. पात्र शिक्षक हवा, पण वेतन अपात्राचे द्यावयाचे, हा व्यवहार टिकत नाही. विनाअनुदानित शाळांनी याचा गांभीर्याने विचार करावा.

पाचवी आणि शेवटची गोष्ट दानाची. आहार, औषध, ज्ञान आणि अभय ही चार दाने समाजाने पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली. ज्ञानदानाच्या नावाने वर्गखोल्या उभ्या राहतात, त्यावर दात्याची कोनशिला बसते, आणि ते योग्यच आहे. परंतु एखाद्या शिक्षिकेच्या प्रशिक्षणासाठी दिलेल्या रकमेची कोनशिला कोठे बसत नाही, म्हणून तसे दान कोणी देत नाही. वर्गखोलीची वास्तू काही दशके टिकते. उत्तम तयार झालेली शिक्षिका तीस वर्षांत शेकडो मुलांना घडविते आणि ती मुले पुढच्या पिढीला. सुवर्णमहोत्सवी वर्षात शिक्षक-प्रशिक्षणासाठी एक स्वतंत्र निधी उभा राहिला, तर या सोहळ्याचे फळ दीर्घकाळ मिळत राहील.

धर्मबंधू-भगिनींनो, मंत्रात उपाध्यायांना वंदन करणारी वाणी शाळेच्या वर्गात अध्यापनाविषयी उदासीन राहू शकत नाही. समाजाची मुले आणि समाजाच्या विश्वासाने शाळेत आलेली सर्व जातिधर्मांची मुले, या दोहोंना विषय जाणणारा, शिकविण्याची कला अवगत असलेला आणि सदाचरणी शिक्षक लाभावा, एवढी व्यवस्था करणे विश्वस्तांच्या हाती आहे. तेवढी झाली तर पुढील पन्नास वर्षांचा हिशेब मांडणाऱ्यांना मान खाली घालावी लागणार नाही.

सर्वांना जय जिनेंद्र!